आजी गेली

माझं मराठी कच्चं होतं, तेव्हाची गोष्ट. दोन हजार चौदा साल. मी अकरा वर्षांची होते आणि आम्ही मस्कतला, अल हैलमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. समुद्र चालत दहा मिनिटांवर होता, आणि आम्ही तो गाडीच्या काचेतून बघायचो. दर शनिवारी तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष रामकृष्णकाका आम्हा मुलांना एसी हॉलमध्ये बसवून मराठी शिकवत. सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं: तो गेला, ती गेली, ते गेले. मी वर्गात पहिली होते. यावरून वर्गाची कल्पना यावी.

माझी आजी जयवंती रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातली. गावात एकटी आहे, कुठे पडली-झडली तर कोण बघणार, म्हणून पप्पांनी, म्हणजे तिच्या 'दया'ने, तिला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आमच्याकडे आणलं आणि सोफ्यावर बसवलं. ती दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी पहाटे उठली, चपला घातल्या, "येते गो" म्हणाली आणि समुद्रावर गेली.

"आजी, तू जातेयस ना? मग 'येते' का म्हणतेस?" मी विचारलं होतं.

"जाते म्हनू नये," ती म्हणाली. कारण सांगितलं नाही. मला ते व्याकरणाची चूक वाटली.

मग हे रोजचंच झालं. ओमानी लोक गाड्या थांबवून तिला घरी सोडायला निघत, आणि ही त्यांना अरबीत "तैब, तैब", बरं बरं, म्हणून उलट्या दिशेला चालू लागे. तळमजल्यावरच्या खुदेजाचाची रत्नागिरीच्याच, त्या तिला सामील होत्या. आईची मात्र झोप उडाली होती. आजीला ऊन लागेल याची थोडी काळजी होती. लोक काय म्हणतील याची जास्त. शेवटी जूनमध्ये दाराला जास्तीचं कुलूप बसलं आणि किल्ली आईच्या पर्समध्ये गेली. गुरुवारी जेवताना पप्पांनी फर्मान काढलं, "आई, आता पुन्हा न सांगता बाहेर पडलीस तर ठाण्याचं तिकीट काढतो. भाऊचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे. तिथून जा कुठे जायचं ते."

आजीचा घास हातातच राहिला होता, तेवढं मला आठवतं.

शुक्रवारी सकाळी सहाला ती माझ्या कानाशी "येते गो" म्हणाली. पर्स उघडी होती, दारही उघडं होतं.

नऊपर्यंत ती परतली नाही तेव्हा आई-पप्पा गाडी घेऊन शोधायला निघाले. आईने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला, "कुणाचा आला तर घे." फोन आला नाही, मंडळाच्या ग्रुपवर रामकृष्णकाकांचा मेसेज आला: "रेखावहिनी, संध्याकाळच्या कार्यक्रमाला आजी येणार ना?"

मी नीट विचार केला. भूतकाळ, स्त्रीलिंग, एकवचन. आणि लिहिलं: "Aaji geli."

मग मी फोन चार्जिंगला लावला आणि कार्टून बघत बसले.

त्यानंतर त्या फोनवर एकशे चौदा मेसेज आले. हात जोडलेले, दिवे, पांढरी फुलं. एकाने नेहमीच्या सवयीने "शुभ शुक्रवार" पाठवून खाली "RIP" जोडलं होतं. फोन करून खात्री मात्र कुणीच केली नाही. दुःखातल्या माणसाला फोन कसा करायचा, या विचाराने सगळे थेट घरीच आले.

साडेदहाला मी दार उघडलं तर पांढरे कपडे घातलेली चाळीस माणसं! बायकांनी मला पोटाशी धरलं.

"कधी गेली गं?"

"सकाळी सहाला."

"कशी गेली?"

"चालत."

"चालता-चालता गेल्या हो! पुण्यवान बाई!" सगळ्यांनी माना हलवल्या.

"त्रास झाला का फार?"

"आईला झाला."

"आणि पप्पा कुठे आहेत, बाळ?"

"तिच्या मागेच गेलेत. गाडी घेऊन."

"हॉस्पिटलची फॉर्मॅलिटी असणार," रामकृष्णकाका जाणकारासारखे म्हणाले. एका काकूंनी डोळे पुसत विचारलं, "जाताना काही म्हणाल्या का?"

"हो. 'येते' म्हणाली."

इथे मात्र हुंदके फुटले. आजी याच घरात पुन्हा जन्म घेणार, हे त्या काकूंनी जागच्या जागी ठरवून टाकलं. पुढच्या बाळाचं नावही एकीने सुचवलं.

आई-पप्पा रिकाम्या हाताने परत आले ते जिन्यात चपलांचा ढीग बघूनच थबकले. आपल्याला सापडली नाही ती यांना सापडली, आणि कशी सापडली ते आतल्या या पांढऱ्या कपड्यांवरून दिसतंय, असं पप्पांना वाटलं. ते दारातच खाली बसले. माझे पप्पा रडतात हे मला त्या दिवशी कळलं. आई भिंतीला टेकून उभी होती, पर्स छातीशी घट्ट धरून. एवढी माणसं एका खोलीत होती, आणि आजी कुठे आहे हे एकानेही विचारलं नाही.

रामकृष्णकाका उभे राहिले. त्यांच्याकडे श्रद्धांजलीचं एक भाषण कायम तयार असे, फक्त नाव बदलावं लागे. "मातोश्री जयवंतीबाई म्हणजे घराचा उंबरठा," त्यांनी सुरुवात केली. "चूल, मूल आणि देवघर हेच त्यांचं विश्व. त्या माउलीने आयुष्यभर उंबरठा ओलांडला नाही."

"खोटं आहे, काका," पप्पा म्हणाले.

काकांनी हातातला भाषणाचा कागद खाली घेतला.

"माझी आई घरात कधी नव्हतीच. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सासू शोधतेय, तर ही आंब्यावर. ओहोटी लागली की चुलीवरचा भात तसाच टाकून खाडीत तिसऱ्यांच्या शिंपल्या काढायला पळायची. आम्ही पाच भावंडं अर्ध्या कच्च्या भातावर वाढलो. बाबा वारले तेव्हा महिना व्हायच्या आत नांगराला हात घातला. गाव नाही नाही ते बोललं. ही ऐकायला घरात होती कुठे? पासष्टाव्या वर्षी डोंगरावर करवंदांना गेली आणि पाय मुरगळून आली. रागावलो तर म्हणाली, करवंदं गोड आहेत, खा. छपराखाली बसलं की तिचं डोकं दुखायचं. तिला मी इथे आणून फ्रीजमधल्या भाजीसारखी ठेवली. कुलूप लावलं, काका. माझं तिच्याशी शेवटचं बोलणं काय, तर तिकीट काढतो. मला ती हवीय. कुठेही फिरू दे, पण हवीय."

"कोन गेला रे दया?"

दारात आजी उभी होती. साडीचा काठ ओला आणि हातात पिशवी, पिशवीतून बांगड्यांच्या शेपट्या बाहेर आलेल्या. मागे खुदेजाचाची. दोघी चाचीच्या ओळखीतल्या जहूरभाईंच्या पिकअपमधून बरका गावच्या मासळी बाजारात गेल्या होत्या आणि परत येताना दोन ठिकाणी उतरून समुद्रात पाय बुडवून आल्या होत्या.

एक काकू किंचाळल्या. पुनर्जन्म इतक्या लवकर होईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

पप्पा आजीच्या गळ्यात पडले. बांगड्यांसकट. तिने त्यांना रडू दिलं, मग पाठीवर थोपटत म्हणाली, "भात कच्चा व्हता तर तवाच सांगायचा नाय?"

म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं.

मग तपास माझ्यापर्यंत आला. मी रामकृष्णकाकांकडे बोट दाखवलं. तो गेला, ती गेली, ते गेले, शिकवलं कुणी? काकांनी घसा साफ केला आणि भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला, पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. आईने पर्समधली दुसरी किल्ली काढून स्वतःच्या हाताने आजीच्या पदराला बांधली. पुन्हा ठाण्याचं नाव निघालं नाही.

पुढची साडेचार वर्षं आजी मनसोक्त हिंडली. ग्रुपवर तर माझ्या चुकीची प्रथाच पडली. दर शुक्रवारी ती आणि खुदेजाचाची निघाल्या की मी लिहायचे "आजी गेली", आणि खाली मागण्या यायच्या: आम्हाला एक किलो बांगडे, आम्हाला सुरमई. सगळ्यात आधी रामकृष्णकाकांची.

जानेवारी दोन हजार एकोणीस. ती समुद्रावरून आली, बाल्कनीत खुर्चीवर बसली, पायाची वाळू झटकायला वाकली आणि तशीच राहिली. शुक्रवार होता. डॉक्टर येऊन गेल्यावर पप्पा मला म्हणाले, "ग्रुपवर कळव."

तोवर माझं मराठी चांगलं झालं होतं. "दुःखद निधन" लिहून पाहिलं. आजी हसली असती, म्हणून पुसलं. शेवटी शुद्ध देवनागरीत लिहिलं, "आजी गेली."

लगेच उत्तर आलं. रामकृष्णकाकांचं. "मला दोन किलो. लवकर ये म्हणावं."

त्याखाली एकेक मागणी येत राहिली. मी फोन हातात धरून बसले होते, आणि माझं मराठी पुन्हा एकदा चुकलेलं असावं, एवढंच मला हवं होतं.