दर दोन तासांनी

बांधावरच्या झाडाची सावली तिसऱ्या सरीवर टेकली, तशी तिनं खुरपं तिथंच टाकलं आणि पदर खोचून घराकडं पळत सुटली.

"निघाली आपली धावती!" शेजारच्या रानातून चुलतसासू ओरडली. "अगं, घर काय पळून चाललंय तुझं?"

"घर नाही, मामंजींची कूस बदलायची वेळ चाललीय!"

'धावती' हे नाव गावानं ठेवून आता चार वर्षं झाली होती. सासऱ्याचं उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली, तेव्हापासून दर दोन तासांनी ती अशीच धावे. कूस बदलायची, पाठ पुसायची, चमच्यानं पाणी पाजायचं, की पुन्हा रान. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा उगवायचा. आणि एवढं करून बाया विचारायच्या, "दिवसभर करतेस तरी काय गं?" ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरी पोचली तर ओसरीवर दवाखान्यातली नर्सबाई कागद भरत होती आणि समोर धाकटा दीर मांडी ठोकून बसला होता. त्याचं किराणा दुकान आणि घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. वडलांकडं तो पंधरवड्यातून एकदा डोकवायचा, तेही दारातून.

"आजाऱ्याला घरी सांभाळणाऱ्याला आता आठवड्यातून दोन दिवस मदतीला बाई मिळणार," नर्सबाई म्हणाली. "कोण सांभाळतं यांना?"

"माझंच नाव लिहा की. वडील माझे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादीही मीच आणली," दीर म्हणाला. "बाईला माझ्या घरी पाठवा, मी इकडं आणत जाईन."

ती बाई त्याच्या घरची भांडी घासत बसणार, हे धावतीला न सांगताही कळलं.

"आणि या?" नर्सबाईनं धावतीकडं बघून विचारलं.

"वहिनी? त्या काही करत नाहीत. घरीच असतात."

धावतीला अजून धाप लागलेली होती. तशातच तिला हसू फुटलं, रागाचं.

"लिहा बाई, खुशाल लिहा. पण आत्ता वेळ झालीय. तेवढी कूस भावजींना बदलू द्या."

दीर हसत आत गेला. म्हाताऱ्याचा लुळा हात धरून त्यानं हिसका दिला. म्हातारा असा विव्हळला की नर्सबाई ताडकन उठून आत आली.

"सोडा तो हात! खांदा निखळेल!" धावती पुढं झाली. तिनं सासऱ्याचा गुडघा दुमडला, अंगाखालची चादर दोन्ही मुठींत धरली आणि अलगद ओढली. म्हातारा कुशीवर वळला, हूं की चूं नाही.

नर्सबाईनं सदरा वर करून पाठ पाहिली. "चार वर्षं अंथरुणात, आणि एक जखम नाही?"

"गादीच तशी आहे," दीर म्हणाला.

"ती? पहिल्याच महिन्यात उंदरांनी कुरतडली. माळ्यावर पडलीय, काढून दाखवू?"

"वहिनी, बाहेरच्या माणसासमोर घरची अब्रू काढू नका."

"अब्रू?" तिचा आवाज चढला. "चार वर्षं मीच धुऊन वाळत घालतेय तुमची अब्रू, भावजी. रोज दोन चादरी!"

नर्सबाईनं कागदावरच्या दिराच्या नावावर रेघ ओढली आणि ती धावतीकडं वळली. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

तिनं सांगितलं, चांगलं रानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"काम?"

"सासऱ्यांना सांभाळते, आणि शेती करते. दोन्ही लिहा, एकही सोडायचं नाही."

दीर चपला शोधता शोधता पुटपुटला, "ती बाई आली की तुम्ही काय करणार? लोळत पडणार?"

"रानात जाणार," ती म्हणाली. "चालत. आणि चालतच परत येणार."