वाळूवरून प्राग

“अहो, फोन जरा लांब धरा. मला तुमचं नाक तेवढं दिसतंय,” वीणाताई बुडापेस्टहून म्हणाल्या, तेव्हा ढुंढिराजशास्त्री ब्रह्मा घाटाच्या पायरीवर बसून फोन अगदी डोळ्यांशी धरून पाहत होते. पाहण्यासारखं होतंच तसं. पडद्यावर एक राजवाड्यासारखी पिवळी इमारत होती, तिच्या मधोमध मोठा हौद, हौदातून वाफा निघत होत्या आणि त्या वाफांत छातीपर्यंत बुडालेले दोन म्हातारे बुद्धिबळ खेळत होते.

“पाण्यात बसून?” शास्त्रीबुवांनी विचारलं.

“गरम पाण्यात. जमिनीतूनच येतं म्हणे गरम. मीही उतरले सकाळी. काय घालून उतरले ते विचारू नका.”

शास्त्रीबुवांनी विचारलं नाही, पण हसू काही त्यांना आवरलं नाही. आयुष्यभर वेदपाठशाळेत मुलांना डोळ्यांच्या धाकात ठेवणारा हा माणूस घाटावर एकटाच खुदुखुदु हसताना पाहून आंघोळीला आलेले दोघेचौघे थबकले. एकानं तर मागून वाकून फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि हे पाणी कुठलं, असं विचारलं. शास्त्रीबुवांनी असं काही ठसक्यात ‘हंगेरी’ म्हणून सांगितलं, की जणू कालच तिथे संध्या करून आले आहेत.

लेक ईशानी नोकरीसाठी व्हिएन्नाला असते. तिकिटं पाठवते म्हणाली होती ती दोघांची. गेल्या एकट्या वीणाताई. कारण साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. शास्त्रीबुवांनी क्षेत्रसंन्यास घेतलेला. म्हणजे घरदार, बायको, सुपारी, सगळं होतं तसंच, फक्त मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. तीन बाजूंनी पंचक्रोशीचा रस्ता आणि चौथ्या बाजूला गंगा, तीही मधल्या धारेपर्यंत. पलीकडची वाळू काशीत मोजत नाहीत. तिथे मेलं तर गाढवाचा जन्म मिळतो, हे घाटावरचं शेंबडं पोरही सांगेल.

हा संकल्प त्यांनी केला आईच्या तेराव्याला. मन भरून आलं होतं, समोर काशीतले मोठमोठे वैदिक बसले होते, आणि त्या भरात त्यांनी हातावर पाणी घेऊन शब्द उच्चारले. वीणाताई दारात उभ्या होत्या. त्यांची नोकरी मोठ्या पोस्टात, परदेशी पार्सलांच्या खिडकीवर. बनारसी साड्यांची पार्सलं तोलता तोलता व्हिएन्ना, प्राग, व्हेनिस ही नावं त्यांच्या तोंडात बसली होती. निवृत्त झालो की दोघं बघून येऊ, असं शास्त्रीबुवाच त्यांना म्हणत आले होते. संकल्पाचं पाणी ताम्हनात पडलं, तसं वीणाताई “बरं” एवढंच म्हणाल्या आणि पानं वाढायला गेल्या. त्यानंतर दहाएक वर्षांत त्यांनी तो विषय काढला नाही. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शास्त्रीबुवांना कितीदा तरी वाटलं. माणूस भांडला की निदान समजूत घालता येते.

जाताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की रोज संध्याकाळी फोन करीन, उचला. शास्त्रीबुवांना वाटलं होतं, जेवलात का, गोळी घेतलीत का, एवढ्यावर भागेल. पण पहिल्याच फोनवर वीणाताई व्हिएन्नाच्या स्मशानात होत्या.

“एवढी शांती आहे इथे, मतलब बागच म्हणा. ट्राम थेट दारात येते. लोक बाकावर बसून डबा खातायत,” त्या सांगत होत्या. महास्मशानाच्या गावातल्या माणसाला ही बातमी मोठीच होती. तिथे लाकडं कोण पुरवतं, विधी कोण करतं, दक्षिणा किती, असे शास्त्रीबुवांचे प्रश्न संपेनात. शेवटी ईशानीनं फोन काढून घेतला आणि बाबा, ट्राम चुकेल म्हणाली.

मग व्हेनिस आलं आणि शास्त्रीबुवा वेडेच झाले. हातभर रुंदीच्या गल्ल्या, गाडी नाही, घोडा नाही, घराच्या दाराशी पाणी आणि पाण्यात नावा. “अगं, हा तर आपला दुर्गाघाटच आहे,” ते म्हणाले. वीणाताई म्हणाल्या, आहे खरं, पण मघापासून चालतेय आणि एक गाय आडवी आली नाही, चुकल्यासारखं वाटतंय. दुसऱ्या दिवशी पाठशाळेत शास्त्रीबुवांनी संथा अर्ध्यावर सोडून मुलांना व्हेनिस सांगितलं. मुलं आ वासून ऐकत राहिली.

संध्याकाळ कधी होते असं त्यांना होऊन जाई. दुपारची झोप उडाली. फोनला जास्तीचा डेटा घातला. घरात, गल्लीच्या पोटात, नेटवर्क येत नसे म्हणून घाटावर यायचं, तर घाटावर भोंगे, आरतीची तयारी आणि मागून डोकावणारी गर्दी. त्यावर सोमारू मल्लाहानं तोड काढली. त्यानं शास्त्रीबुवांना नावेत घेतलं आणि नाव मधल्या धारेच्या अलीकडे उभी ठेवली. सोमारूला गुरुजींचा नेम पक्का माहीत. तिथे नेटवर्कही स्वच्छ होतं. बुडापेस्टचा सिंहांचा पूल शास्त्रीबुवांनी असा नावेत बसून पाहिला.

प्रागच्या दिवशी सोमारू एका लग्नाला गेला होता. नावेवर त्याचा जावई होता, चुनारहून आलेला, चांगला मिशाळ गडी. त्याला शास्त्रीबुवा नवे आणि शास्त्रीबुवांना तो. त्यात फोन आधीच वाजायला लागलेला. शास्त्रीबुवा चपला काढून घाईनं नावेत चढले, जिथे गोंगाट कमी असेल तिथे ने, असं त्याला हिंदीत म्हणाले आणि फोनमध्ये शिरले.

वीणाताई एका जुन्या दगडी पुलावर उभ्या होत्या. खाली नदी, दोन्ही कठड्यांवर ओळीनं मूर्ती, मधून माणसांचा लोंढा. त्या चालत होत्या आणि फोन फिरवत होत्या. ही मूर्ती बघा, त्या वादकाची टोपी बघा, नैवेद्य मात्र कुणालाच नाही. शास्त्रीबुवा म्हणत होते, अगं, हळू, त्या डावीकडच्याच्या हातात काय आहे ते दाखव. वीणाताईंच्या आवाजात असं काही होतं, जे त्यांनी पोस्टाच्या खिडकीमागे नव्या नवरीसारखं लाजत बसलेल्या वीणाच्या आवाजात ऐकलं होतं, आणि मग कधी ऐकलं नव्हतं. ते ऐकत राहावं म्हणून ते प्रश्नावर प्रश्न विचारत होते.

नाव कुठेतरी टेकली. जावई म्हणाला, “उतर जाइए पंडितजी, यहां एकदम शांति है.” त्यानं हात पुढे केला. शास्त्रीबुवांनी फोनवरची नजर न काढता तो धरला आणि उतरले. पायांना काहीतरी मऊ आणि कोमट लागलं. पुलावर वीणाताई चालत होत्या, म्हणून तेही चालू लागले.

“इथे एक पितळी पत्रा आहे,” वीणाताई सांगत होत्या. “लोकांनी हात लावून लावून चकाचक केलाय. ईशानी म्हणते, याला हात लावला की माणूस परत प्रागला येतो. मी लावला.” मग त्यांनी विचारलं, “तुमच्या वतीनं लावू का?”

“लाव की,” शास्त्रीबुवा म्हणाले. मागचापुढचा विचार न करता म्हणाले, लहान मुलासारखे.

वीणाताईंचा हात पुढे झाला आणि मध्येच राहिला. त्या पडद्याकडे टक लावून पाहत होत्या.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “तुमच्या मागे आख्खी काशी दिसतेय.”

शास्त्रीबुवांनी वळून पाहिलं. पाण्यापलीकडे, उन्हं उतरताना, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे घाट उभे होते. भोसले घाटाची दगडी इमारत, खाली त्यांचा ब्रह्मा घाट, दुर्गाघाट, देवळांची शिखरं. काशीत राहून काशी अशी दिसत नाही. ती अशी दिसते प्रवाशांना. नाव बरीच मागे राहिली होती आणि वाळूत तिच्यापासून इथवर त्यांचीच पावलं उमटली होती.

ते मटकन खाली बसले. आईचा चेहरा आठवला, तेराव्याला समोर बसलेले वैदिक आठवले. एवढी वर्षं पाळलेला नेम, आणि तो मोडला कशानं, तर फोन बघत चालल्यानं. त्यांना रडू येईल असं वाटलं. वीणाताईंना ते म्हणाले, की आता परत फिरतो, उद्या पहाटे नीलकंठ गुरुजींकडे जातो, सांगतील ते प्रायश्चित्त घेतो. उपास म्हणाले तर उपास. तू मात्र ईशानीला काही बोलू नकोस.

वीणाताईंच्या मागून माणसं जात होती, कुणीतरी व्हायोलिन वाजवत होतं. त्यांनी फोन जवळ घेतला, इतका की आता फक्त त्यांचे डोळे दिसत होते.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “प्रायश्चित्त घ्या, मी नाही म्हणत नाही. पण संकल्प केलात तेव्हा मला विचारलं नव्हतंत. मला तुमच्याबरोबर यायचं होतं हो. ही सगळी गावं मी तुमच्याबरोबर पाहायची म्हणून ठेवली होती. आता आलाच आहात बाहेर, तर थोडा वेळ बाहेरच राहा. माझ्याबरोबर.”

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते बोलणं आज आलं होतं. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

“पूल संपला की काय आहे?” त्यांनी विचारलं.

“चढ आहे. वर किल्ला. बराच चढ आहे, दमाल.”

“चल तू. मी येतो.”

नावेत बसून जावई विडी ओढत होता. पंडितजी आता परततील म्हणून त्यानं वल्ही हातात घेतली होती, ती पुन्हा ठेवली. धोतर सावरत, फोन समोर धरून तो म्हातारा माणूस काशीकडे पाठ करून रिकाम्या वाळूतून पुढे पुढे चालला होता. मध्येच तो थांबे, कुणीतरी वर बघ म्हटल्यासारखी मान वर करी आणि पुन्हा चालू लागे.