रक्तातली दोन अक्षरं

लग्न ठरलं की आपल्याकडे, नायजेरियात, आधी कापड वाटतात. साऱ्या नातलग बायका एका रंगात दिसायला हव्यात ना! रक्त तपासायचं ते अगदी शेवटी, चर्चचा पाद्री कागद मागतो म्हणून. याला म्हणतात बैल गेला अन् झोपा केला. ओग्बोमोशोच्या असाकेनेही तेच केलं. लेक फेहिन्तोलाचं लग्न आठ दिवसांवर आलं, शंभर घरी निळं कापड पोचलं, आणि मग मंगळवारी निकाल तिच्या हाती पडला. लेक एएस. होणारा जावई लानरे, तोही एएस. अशा जोडीचं लग्न पाद्री लावत नाही.

असाकेने कागद कुणाला दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी दोन कोंबड्या घेऊन ती रक्त तपासणाऱ्या ओलाइतानबाईंकडे गेली. या बाई जुन्या नर्स.

"फेहिन्तोच्या आई, कोंबड्या कशाला?"

"एक अक्षर बदला, बाई. एसच्या जागी ए लिहा. एवढ्याने कुणाचं काय अडतंय?"

"कागदावरचं बदलेल हो. रक्तातलं कोण बदलणार?"

"अहो, पोरीला काय धाड भरलीय? आणि लानरे तर फुटबॉल खेळतो!"

"खेळेलच. एएस म्हणजे आजार नव्हे. जिनोटाइप म्हणजे रक्तातली दोन अक्षरं, एक आईकडून, एक बापाकडून. पण आईबाप दोघंही एएस असले, तर चारांत एका बाळाला दोन्हीकडून एस मिळण्याची भीती. एसएस. तोच सिकलसेल."

"चारांत एकच ना? मग आमच्या घराचा वाटा कधीच देऊन झालाय! माझी दोन गेली."

"तसं नसतं, बाई. दर बाळंतपणाला चिठ्ठी नव्याने निघते." ओलाइतानबाई जवळ येऊन बसल्या. "त्या दोघांचे हातपाय सुजायचे? हाडं दुखतात म्हणून रडायची?"

असाकेने मान डोलावली. पहिला अकान्बी दोन वर्षांचा होऊन गेला. दुसरा झाला तेव्हा गाव म्हणालं, हा अबिकू, मरून पुन्हा पुन्हा जन्मणारं पोर; तोच परत आलाय, आईला छळायला. म्हणून त्याचं नाव ठेवलं मालोमो, पुन्हा जाऊ नकोस. तोही तिसऱ्या वर्षी गेला. नवऱ्याने तिच्या पोटाला दोष देऊन दुसरं घर केलं.

"म्हणजे... मालोमो हा अकान्बी नव्हता?"

"नव्हता. दोन वेगळी लेकरं होती, दोघंही आजारी. आणि दोष एकट्या तुमचा नव्हता. एक एस तुमचा, एक नवऱ्याचा."

"अरे देवा! मग मी मालोमोचं बोट का कापलं?" असाके किंचाळली. "परत येऊ नये म्हणून पुरण्याआधी करंगळी कापायला लावली मला. मी कापली, बाई! या हातांनी!"

ओलाइतानबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. आज माहीत आहे. लग्न करायचं की नाही, ते पोरं ठरवतील. पण त्यांच्यापासून लपवू नका."

असाके कोंबड्या तिथेच विसरली. घरी जाऊन तिने खरा कागद लेकीच्या हातात दिला आणि बोटाची गोष्टही सांगितली. फेहिन्तोलाने दोन्ही ऐकलं.

"कालपासून ठाऊक होतं तुला?"

"हो."

"आणि खोटं लिहून आणायला गेली होतीस?"

"हो, बाळा."

लेक उठून आत गेली. दोन दिवसांनी लानरे आला, दोघं ओसरीवर बराच वेळ बोलली, आणि तो डोळे पुसत निघून गेला. लग्न मोडलं. फेहिन्तोला अजून आईशी धड बोलत नाही.

रविवारी चर्चमध्ये बायकांच्या बैठकीत असाके उभी राहिली. लोक काय म्हणतील याची भीती आता तिला उरली नव्हती. "माझ्या पोटी अबिकू आला नव्हता," ती म्हणाली. "अकान्बी आणि मालोमो ही माझी दोन लेकरं होती. तोच परत आला समजून मी दुसऱ्यासाठी वेगळं रडलेच नाही."

बंधुभगिनींनो, एएस असणं हा कलंक नाही, ते लपवणं हा मात्र अपराध आहे. पोरं एकमेकांत जीव गुंतवण्याआधी त्यांना रक्तातली ही अक्षरं विचारायला शिकवा. आणि घरात लेकरू गेलं, तर आईच्या पोटाला नावं ठेवू नका.