मदिना बसली का?

“शीट कडक हाय,” हिंदुराव म्हणाले आणि खात्री करून घेण्यासाठी बसल्या जागी दोनदा उडाले.

त्या वेळी जीपचं इंजिन आमच्या अंगणातल्या जांभळाच्या फांदीला साखळीने टांगलेलं होतं. चारही चाकं भिंतीला टेकवून ठेवली होती. गाडी विटांच्या चार थप्प्यांवर उभी होती आणि स्टिअरिंग म्हणाल तर ते माझ्या चुलीशेजारी पडलं होतं. अशा गाडीत चढून या गृहस्थाला बैठक टोचत होती.

“हलू नका, बापू. विटा सरकतील,” आमचे मिस्त्री, म्हणजे माझा नवरा, गाडीखालून ओरडले.

“अरे, पन माणसानं बसायचं कसं? मखमल लाव. आन पितळंचा भोंगा. चाकणच्या बाजारात वाजला तर इंद्रायणीच्या पल्याड ऐकू गेला पायजे.”

“ब्रेकाचं काम हाय अजून.”

“ते कर रं सावकाश. आधी मखमल.”

पैसा आला म्हणून माणसाला अक्कल येत नाही हे मला ठाऊक होतं. पण होती तीसुद्धा जाते, हे हिंदुरावांना बघून कळलं. चाकणला त्यांचा कांद्याचा व्यापार. पिंपरीला नवा कारखाना उभा राहायला लागला तसे त्यांनी वाळू-विटांच्या गाड्या लावल्या, आणि मग बैलगाडीत बसायची त्यांना लाज वाटू लागली. देहूरोडला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ही जीप घेतली. मेली सगळी गंजलेली. ती आमच्या दारात ओढून आणली तेव्हा मागच्या बाजूला एक कोंबडी अंडी उबवत होती.

जीपचं स्टिअरिंग डावीकडे होतं, गोऱ्या सोजिरांच्या पद्धतीचं. हिंदुरावांना ते उजवीकडे हवं होतं. “उजवीकडं बसणारा मालक वाटतो,” असं त्यांचं म्हणणं. आता गाडी चालवणार भिमाजी ड्रायव्हर. स्टिअरिंग उजवीकडे गेलं की भिमाजी उजवीकडे जाणार आणि मालक डावीकडेच बसणार. पण हे त्यांना समजावून सांगायच्या भानगडीत मी पडले नाही. मला काय करायचंय?

खरं तर मला फार करायचं होतं. कारखान्याच्या साहेबाला गाड्या बघायला मिस्त्री हवा होता. हिंदुराव आमच्या मिस्त्रींना म्हणाले होते, “संक्रांत झाली की सोमवारी मी ह्याच गाडीतनं साहेबाकडं जानार. तू मागं बस, शौकत. गाडी बघूनच साहेब तुला ठिवून घील. क्वार्टर मिळंल, घरात नळ.”

घरात नळ! एकोणीस वर्षं मी बाजाराच्या मागच्या विहिरीवरून पाणी वाहत होते. माझ्या मानेवरचे केस घागरीच्या चुंबळीने गेले. त्या नळासाठी मी हिंदुरावांचा चहा केला, त्यांच्या पानाच्या पिचकाऱ्या माझ्या मिरचीच्या रोपांवर झेलल्या आणि कणीक मळायच्या माझ्या परातीत तीन महिने रॉकेल आणि पिस्टन सहन केले.

आमच्या मिस्त्रींबद्दल काय सांगू? यंत्राशी जेवढं सूत, तेवढंच माणसाशी वाकडं. बोलायचे ते असं, की तोंडात कुणी पाना धरायला दिलाय. गिऱ्हाईक तासभर बडबडायचं आणि हे शेवटी म्हणायचे, “बघतो.” यावर आम्ही संसार केला.

या न बोलण्यापायीच मला गाडीत बसवायची रीत पडली. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तळेगावचे यशवंतराव, त्यांची मालमोटार ब्रेकासाठी आली होती. काम झाल्यावर ते म्हणाले, “मिस्त्री, उतारावर धरंल का? भरवसा काय?” दुसरा कोणी असता तर चार शब्द बोलून मोकळा झाला असता. हे घरात आले, माझे हात पिठात, तशीच मला ओढत नेऊन गाडीत बसवली आणि शेलारवाडीच्या उतारावर गाडी मोकळी सोडली. मी जीव मुठीत धरून आठवतील त्या सगळ्या पीरांची नावं घेतली. मग यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, माझं कपाळ काचेवर आपटलं आणि यशवंतराव म्हणाले, “बास. मला पटलं.”

तेव्हापासून आमच्या अंगणातून गाडी बाहेर पडायची तर तिच्यात आधी मी बसून उतारावर जायचं. लेक सलिमा पोटात सात महिन्यांची होती तेव्हाही मी बसले. सासूने यांना शिव्या घातल्या, हे म्हणाले, “काय न्हाई होत.” पुढे पुढे गिऱ्हाइकं कामाचं काही विचारायचीच नाहीत. एवढंच विचारायची, “मदिना बसली का?” बसली म्हटलं की गाडी घेऊन जायची. मी दर खेपेला कटकट करायची, की माझा जीव म्हणजे काय तुमचा शिक्का आहे का, गाडीवर मारायला? पण त्या दिवशी मी धुतलेलं लुगडं नेसायची आणि नीट भांग पाडायची. बाजारातून जाताना लोक बघायचे. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

या जीपच्या वेळीही सुरुवातीला सगळं ठीक होतं. स्टिअरिंगचा डबा उजवीकडे बसवला आणि मला म्हणाले, “फिरव उजवीकडं.” मी फिरवलं, तर पुढची चाकं डावीकडे वळली. डबा उलटा बसला होता. मी म्हटलं, “तुमच्यावरच गेलीय गाडी. सांगावं एक, करती एक.” तर हे जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले, आणि उठून सगळं परत खोललं. चुकीची त्यांना कधीच भीती नव्हती. चूक दिसली की ते खूश व्हायचे, कारण ती सापडलेली असायची.

भीती दुसऱ्याच गोष्टीची होती आणि ती त्यांनी मला सांगितली नव्हती.

पावसाळ्यात एका ट्रकचा जॅक घसरून त्यांचा उजवा हात दबला होता. हाड जुळलं, जखम भरली, मीही विसरले. मग थंडीत एकदा चुलीवरून उतरवलेला पितळी पेला मी पुढे सरकवला, तो त्यांनी उजव्या हाताने उचलला आणि तसाच धरून बसले. मला हात लावला तर चटका बसला. मी म्हटलं, “भाजतंय न्हवं?” त्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, “व्हय, भाजतंय.” मी विचारल्यावर.

नट किती आवळायचा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते म्हणायचे, हात सांगतो, आता बास. आता हात सांगत नव्हता. मी चुलीपाशी बसून बघत होते. स्टिअरिंगच्या दांड्याचा एकच नट त्यांनी आवळला, सैल केला, पुन्हा आवळला, असं चारदा. दोन बोल्ट तर जास्त पिळून तोडले. डाव्या हाताने बघायचे, मग उजव्याने, मग नुसतेच बसून राहायचे. यांच्याशी बोलून काय उपयोग, भिंतीशी बोलावं.

रविवारी जीप तयार झाली. निळा रंग, लाल मखमल, पितळेचा भोंगा. नाच्या पोऱ्याला सजवावं तशी दिसत होती. मी धुतलेलं लुगडं नेसले, भांग पाडला आणि दारात येऊन उभी राहिले. यांनी गाडी चालू केली आणि माझ्याकडे न बघता एकटेच निघून गेले.

अर्ध्या तासाने परत आले. मी तिथेच उभी.

“मी न्हाई का बसायचं?”

“आज नको. ऊन लई हाय.”

“पौषात?”

ते चिंधीने काच पुसायला लागले, जी स्वच्छच होती.

तेव्हा मला कळलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाला स्वतःच्या कामाचा भरवसा नव्हता. आणि मला बसवायची छाती नव्हती, तरी ती गाडी दुसऱ्याला द्यायला निघाले होते. का? तर माझ्या नळासाठी. मी रात्रंदिवस त्यांच्या कानाशी नळ नळ केलं होतं ना! मला त्यांची चीड आली, आणि त्याहून माझी. पण खरं सांगते, मीही तोंड उघडलं नाही. मी मनाशी म्हटलं, भिमाजी कसलेला ड्रायव्हर आहे, सांभाळून घेईल. हिंदुरावांचं काही झालंच तर चाकणच्या कांद्याला दुसरा व्यापारी मिळेल. इतकी हलकट मी झाले होते.

सोमवारी सकाळी हिंदुराव आले ते फेटा बांधून. बरोबर भिमाजी, नारळ आणि चाकांखाली ठेवायला चार लिंबं. आणि त्यांची म्हातारी आई, रुक्मिणीबाई. नव्या गाडीत पहिलं पाऊल आईचं पडलं पाहिजे म्हणून चाकणहून बैलगाडीत घालून आणली होती. ऐंशीची बाई, वाऱ्याने उडेल अशी. भिमाजी स्टिअरिंगवर बसला, गाडी चालू केली. मी लाकडी पाट आणून ठेवला. म्हातारीने माझ्या खांद्यावर हात ठेवला, एक पाय पाटावर दिला आणि थांबली.

“पोरी, तू बसलीस नव्हं ह्यात?”

व्हय म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? माझ्या जिभेवर आलंही होतं. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते काच पुसत होते. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी निवांत, कारण तिला उत्तर माहीत होतं.

“न्हाई, आजी,” मी म्हणाले. “न्हाई बसले.”

“मग बसा की आता!” हिंदुराव खेकसले. “मुहूर्त टळतोय. जा, आणा एक फेरी मारून.”

“ती न्हाई बसणार,” मिस्त्री म्हणाले.

“का?”

मिस्त्रींनी चिंधी खाली ठेवली. “माझ्या हाताला कळंना झालंय, बापू. नट बसला का न्हाई, ते मला सांगता येत न्हाई. समदं नीट असंल बी. पन मी बायकुला बसवीत न्हाई, तर तुमच्या आईला कसं बसवू? गाडी पुण्याला दुसऱ्या कुणाला दावा.”

गिऱ्हाइकापुढे एवढं सलग बोलताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

भिमाजीने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. “बापू, मला माफी असावी. मी न्हाई चालवत.”

मग हिंदुरावांचं तोंड सुटलं. लुळा मिस्त्री, त्याची मस्तवाल बाई, दोघं मिळून गाड्या पास करणार म्हणे! भंगारवाल्याच्या दारात आलो ही माझीच चूक. साहेबाकडं तोंड घिऊन येऊ नको. आणि थुंकले, माझ्या मिरचीवर. शेवटी एका वाळूच्या गाडीचे बैल सोडवून आणले आणि जीपला जुंपले. मखमलीवर फेटा बांधून हिंदुराव बसले, डावीकडेच, आणि बैल त्यांना ओढत पुण्याच्या रस्त्याला लागले. सगळा बाजार बघायला लोटला. मी हसले नाही. हसायचं होतं, पण आलं नाही.

म्हातारी मात्र त्यांच्याबरोबर गेली नाही. आमच्या ओट्यावर बसली, माझ्या हातचा चहा माझ्याच कपातून प्याली आणि बैलगाडी जुंपली तेव्हा तेवढंच म्हणाली, “खरं बोललीस, बाई.” त्या खऱ्याचं काय करू, लोणचं घालू? मी माझ्याच नवऱ्याचा धंदा भर अंगणात, चार लोकांसमोर बुडवला होता.

आठ दिवसांनी भिमाजी आला. मिस्त्री नमाजाला गेले होते. भिमाजी म्हणाला, “वहिनी, पुण्याच्या गॅरेजात गाडी पार खोलली. एक नट सैल निघाला न्हाई. तिथला मिस्त्री म्हणाला, असं काम म्या बघितलं न्हाई.”

मी ओट्यावर बसून रडले. दुःखाने नाही, संतापाने. हे आले तसं त्यांच्या अंगावर धावून गेले. “ऐकलंत का? समदं नीट होतं! एक नट सैल न्हवता! नुसतं मला बसवलं असतं तर आज—”

त्यांनी टोपी काढली, घडी घातली.

“असंल,” म्हणाले. “पन मला ठाव न्हवतं.”

मी पाणी आणायला विहिरीवर गेले.

कारखान्यात दुसरा मिस्त्री लागला. जांभळाची साखळी यांनी स्वतः उतरवली. बाजारात चिमाजी नावाच्या एकाच्या सायकलच्या दुकानात बसायला लागले, भाड्याने सायकली द्यायच्या आणि परत घ्यायच्या. दुरुस्ती चिमाजी करतो.

उन्हाळ्यात ईद आली. शिरखुर्म्याला चार जुनी माणसं घरी आली, त्यांत तळेगावचे यशवंतरावही होते, काठी टेकत. आल्या आल्या त्यांनी हात पुढे केला. गाडीच्या कामातल्या माणसाचे हात वंगणाने काळे असतात, म्हणून असे लोक पंजा देत नाहीत, मूठ वळून मनगट पुढे करतात. यांनी तेच केलं. हात साबणाने धुतलेला, नखं पांढरी स्वच्छ, आणि तरी मूठ वळून मनगट पुढे.

यशवंतरावांनी त्या हाताकडे पाहिलं. मग काठी बगलेत धरून त्यांनी ते मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.