त्रेचाळीस फंक्शनं आणि एक मागची खोली

सासरेबुवांनी शब्द दिला तो भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, त्यामुळे नंतर फिरवायला जागा उरली नाही.

"शनिवारी नाटक कंपनीचे मॅनेजर येतायत. ते मागतील तो कपडा मी वही उघडून शोधायच्या आत तुझ्या यंत्रानं सांगितला, तर मागची खोली तुझी. नाही सांगितला, तर यंत्र आवर आणि इस्त्री धर."

दुकान नाटकांना कपडे भाड्यानं देण्याचं. राजे, पहारेकरी, डॉक्टर, भुतं मिळून तेराशे चाळीस कपडे, आणि कोण कुठल्या खुंटीला लटकलंय हे सासरेबुवांच्या नऊ वह्यांनाच ठाऊक. सूनबाई मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून घरून प्रोग्रॅम लिहायला लागली होती. सध्या तिचं ऑफिस म्हणजे जेवणाच्या टेबलाचं एक टोक. दुसऱ्या टोकाला सासूबाई राजेलोकांची तुटलेली बटणं लावत. कीबोर्डमध्ये आजवर तीनदा सुई सापडली होती. खोलीची गरज किती होती, हे सूनबाईची बोटं सांगू शकली असती.

तिनं एकेका कपड्याची नोंद केली. प्रकार, कापड, रंग, माप, खुंटी, शेवटचा कधी भाड्यानं गेला, कसर लागली आहे की नाही. मग सासरेबुवा विचारतील तसं फंक्शन, म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर शोधून देणारा प्रोग्रॅमचा तुकडा, लिहायला घेतलं. "लाल झगे किती?" लाल झग्यांचं फंक्शन. "निळे?" तेच फंक्शन उचललं, लाल पुसलं, निळं लिहिलं. "चाळीस मापाचे लाल?" पुन्हा उचललं. नक्कल करायला श्रम पडत नाहीत, म्हणूनच ती वाढते. बुधवारपर्यंत त्रेचाळीस फंक्शनं झाली, आणि सगळी बिनचूक चालत होती. सूनबाईला त्यांचा अभिमानसुद्धा वाटला.

गुरुवारी सासरेबुवा चपला घालता घालता म्हणाले, "आणि हो, कसर लागलेले धरू नकोस. मॅनेजरांचा नट शिंकतो."

त्यांचं एक वाक्य, पण हिला त्रेचाळीस ठिकाणी दुरुस्ती. तिनं बेचाळीस ठिकाणी केली. उरलेलं एक नेमकं डॉक्टरी कोटांचं होतं. शुक्रवारच्या रंगीत तालमीत यंत्रानं छातीठोकपणे जो कोट सुचवला, त्याच्या खिशात सासूबाईंनी हात घातला तो पाठीतून बाहेर आला.

"डॉक्टरांनाच हवापालट हवा होता वाटतं," सासरेबुवा म्हणाले, आणि इस्त्रीची वायर सरळ करून ठेवली.

सूनबाई टेबलाशी जाऊन बसली. त्रेचाळीस फंक्शनं तिनं ओळीनं वाचली. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत चालत जायचं, हे सगळ्यांत अक्षरशः सारखं. वेगळा होता फक्त प्रश्न. मग चालायचं काम एकदाच लिहावं आणि प्रश्न बाहेरून द्यावा! तिनं डोळे मिटून सगळी पुसली, किडका दात उपटावा तशी, आणि एकच लिहिलं. नाव ठेवलं 'निवड'. त्याच्या हातात दोन गोष्टी द्यायच्या, यादी आणि अट. अट म्हणजेसुद्धा एक चिमुकलं फंक्शनच. त्यानं एका वेळी एकाच नोंदीकडे बघायचं आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. 'हो'वाल्यांची नवी यादी बनते, मूळ यादीला धक्का लागत नाही.

सासूबाईंनी डोकावून पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच, आई."

"मग आठवडाभर काय करत होतीस?"

"हेच. त्रेचाळीस वेळा."

शनिवारी मॅनेजर आले. सासरेबुवा नऊ वह्या मांडीवर घेऊन परीक्षेला बसल्यासारखे बसले.

"एक राजा हवाय," मॅनेजर म्हणाले. "तिसऱ्या अंकात मरतो आणि पंधरा मिनिटं पडून राहतो, तेव्हा धूळ दिसणार नाही असा रंग. माप चव्वेचाळीस, पण नट दर आठवड्याला वाढतोय."

प्रकार राजा. रंग राखाडी किंवा मातकट. माप सेहेचाळीस किंवा वर. कसर नाही. सूनबाईनं चारही अटी 'आणि'नं जोडल्या आणि निवडीच्या हवाली केल्या.

"खुंटी दोनशे सात."

सासरेबुवा अजून दुसऱ्या वहीत होते.

"आता भूत. पण बघायला लहान मुलं आहेत, घाबरता कामा नयेत."

प्रकार भूत, रंग पांढरा नाही. "खुंटी साठ. गुलाबी आहे."

"गुलाबी भूत शिवलंत कशाला?"

"शिवलं पांढरंच होतं," आतून सासूबाईंचा आवाज आला. "यांनी ते लाल झग्याबरोबर भिजवलं."

सतरा मागण्या झाल्या, सतराही वेळा वह्या हरल्या. सासरेबुवांनी किल्ली काढून दिली. "शब्द म्हणजे शब्द."

खोली उघडली. आत छतापर्यंत पेट्या. यादीतले दोनशे बारा कपडे तिथेच कोंबलेले.

"टाकायचं काय, ते तुम्हीच ठरवा, बाबा. अट सांगा."

"दहा वर्षांत भाड्यानं न गेलेले," सासरेबुवा ऐटीत म्हणाले. निवडीनं एकशे अठ्ठ्याण्णव नोंदी समोर ठेवल्या. त्यांचा चेहरा उतरला. "त्यातून मखमल वगळ... जरीचं वगळ... आणि ज्याच्याशी माझी काही आठवण आहे तेही वगळ."

"आठवणीचा रकाना नाहीये."

"मग घाल की! मी भरतो."

त्यांनी दोन तास बसून रकाना भरला. आठवण आहे, आहे, आहे. सूनबाईनं निवड चालवली. पडद्यावर उमटलं : एकही नोंद नाही.

"बघ! काय अचूक यंत्र आहे!" सासरेबुवा प्रसन्न झाले. "खोली तुझीच आहे, सूनबाई. पेटीवर बस."

सूनबाई वाद घालत बसली नाही. तिनं शेजारी आणखी एक रकाना आखला आणि लॅपटॉप सासूबाईंपुढे सरकवला. "आई, आता तुमची आठवण."

सासूबाईंनी चष्मा लावला. "नाही. नाही. नाही. हा तर मुळीच नाही." अकरा मिनिटांत काम संपलं. सूनबाईनं नवी अट दिली : या खोलीतले, आईंची आठवण नसलेले. निवडीतला काना-मात्राही बदलावा लागला नाही. दोनशे नऊ नोंदी.

"हे चालणार नाही!"

"का नाही? धुतले कोणी? बटणं लावली कोणी?"

सासरेबुवांनी नऊही वह्या गोळा करून कपाटात ठेवल्या. रविवारी दोन शाळांच्या नाट्यमंडळांनी हसतहसत पेट्या उचलून नेल्या, आणि दुपारी खोलीत सूनबाईचं टेबल लागलं. सासरेबुवा मात्र दारात घुटमळत राहिले.

"दोनशे बारातले दोनशे नऊ गेले... म्हणजे तीन राहिले. ते कुठले गं? त्यांच्याशी हिची कसली आठवण?"

"आईंना विचारा."

त्यांनी विचारलं. सासूबाईंनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आणि म्हणाल्या, "ते तुमच्या रकान्यात नाही."