सावलीतला ढोलकीवाला

मोनिकानं रिमोटमधले सेल काढून दातांनी चावले, परत बसवले, तेव्हा कुठं मालिकेचा सहावा भाग सुरू झाला. कॅसेट कंपन्यांच्या जमान्यावरची ही नवी मालिका बेलापुरातल्या छगनरावांच्या घरात रविवारी सकाळपासून चालू होती, आणि पाच भाग झाले तरी कुणाचा चहा निवेल इतकं काही त्यात घडलं नव्हतं.

"बरी हाय," अब्राहाम मास्तर म्हणाले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते चर्चमध्ये पेटी वाजवत. "पण गाणं कुनी पुरं म्हनंना. उठलं की दारं आपटत्यात."

"आन् शेठ किती वाळका," छगनरावांनी दुजोरा दिला. "कंपनीचा शेठ असा असतोय व्हय?"

मास्तर काही शेठ बघायला आले नव्हते. छगनराव पस्तीस वर्षं गावाला सांगत होते, की त्यांच्या ढोलकीसाठी मुंबईच्या कंपनीनं बेलापुरात मोटार धाडली. पोचल्या पोचल्या आत घेतलं. पंख्याचा आवाज नको म्हणून दोन गडी ओले टॉवेल हलवत उभे केले. तिसऱ्या थापेला आवाज मोजायच्या यंत्राचा काटा मोडला, तेव्हा शेठनं हात जोडले, की जर्मनीहून नवा काटा येईस्तोवर जाऊ नका. गाव हसे, पण कार्यक्रम कुठलाही असो, मुंबईत वाजवून आलेला माणूस म्हणून पहिली खुर्ची त्यांचीच. त्या खुर्चीचं आज खरंखोटं करावं, असा मास्तरांचा बेत होता.

"छगनराव, तुमचे टॉवेलवाले गडी अजून दिसंनात."

"दिसत्याल की. घाम आल्याबिगर कशाला बोलावत्याल?"

मोनिका हसली. सासूबाई, राहीबाई, खाली मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पडद्यावर एक खेडवळ ढोलकीवाला आला आणि स्टुडिओच्या पायरीवर बसला. माणसं त्याला ओलांडून आतबाहेर करत राहिली. दिवस मावळला. आतून एकानं येऊन सांगितलं, की ढोलकी मशिनवरच झाली, तुम्ही निघा. अर्ध्या मिनिटात प्रसंग संपला.

"हे आपलं कायतरीच," मास्तर म्हणाले. "दिसभर कोन बसंल असं? पुढं घे गं मोनिका."

"थांब," छगनराव म्हणाले. "मागं घे जरा."

तिनं मागं घेतलं. ढोलकीवाला पुन्हा पायरीवर येऊन बसला. छगनराव खुर्चीच्या कडेला सरकले.

"सावलीत बसवलाय त्याला. सावलीत कातड्याची पुडी उतरती. ढोलकी उन्हाला धरून बसावं लागतं, म्हंजी हाक आली की सुरात. ऊन पायऱ्यांवरनं सरकतं, तसं आपन सरकायचं. चार वाजता ते फाटकापाशी जातं. तितं मग वॉचमन बसू देत न्हाई."

मोनिकाचं बोट रिमोटवर तसंच राहिलं.

मास्तरांचा प्रश्न दातांपर्यंत आलेला सगळ्यांना दिसला. मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"ऊन दाखवाया पायजे हुतं," ते म्हणाले. "मालिका कच्चीच हाय." आणि चपला शोधत बाहेर गेले.

राहीबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"त्या दिशी जेवला हुता का तुमी?"

छगनराव टीव्हीकडंच बघत होते. तिथं आता कुणीतरी दार आपटत होतं.

"भाकरी हुती की संगं," ते म्हणाले. "पन हात धुवाया उठलो आन् तेवढ्यात हाक आली आसती, तर?"