कवळीवाल्यांची वही

कवळीवाले दिवसभर लॅबमध्ये लोकांचे खोटे दात घासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन बुद्धिबळाची वही घासायचे. वही म्हणजे कागदाची नव्हे हो! संगणकावरचा प्रोग्राम बुद्धिबळ खेळतो, त्याला सुरुवातीच्या दहा-पंधरा चाली आयत्या पुरवल्या की तो चाचपडत नाही. त्या चालींची ही वही. चार वर्षं गृहस्थ तिच्यात बुडालेला. ही चाल घाल, ती काढ, हिचं वजन वाढव, तिचं कमी कर. जिचं वजन जास्त, ती चाल प्रोग्राम आधी खेळणार. कवळी केसभर चुकली तरी हिरडीला टोचते, तसंच हे, असं ते बायकोला समजावायचे. ती म्हणायची, "मला तर दोन्ही टोचतात."

यंदा पहिल्यांदाच त्यांचा प्रोग्राम स्पर्धेच्या वरच्या गटात पोचला होता. घरोघरचे प्रोग्राम इंटरनेटवरून एकमेकांशी भिडायचे, महिन्याला एक फेरी. रविवारी सकाळी शेवटची होती. नुसती बरोबरी साधली तरी वर टिकणार, हरला की खाली. शुक्रवारपासून कवळीवाल्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

फेरी सुरू झाली. आता प्रोग्रामला हात लावायचा नाही, असा नियम. तीन आठवड्यांपूर्वी राहायला आलेले सासरे, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, शेजारी खुर्ची ओढून बसले. प्रोग्रामने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं.

"शाब्बास!" कवळीवाले म्हणाले.

दुसऱ्याच चालीला वजीर तरातरा बाहेर पडून पटाच्या कडेला जाऊन उभा राहिला.

"अरे, अरे, हे काय करतोयस?"

वजीर आणि उंट मिळून चार चालींत मात करायचा तो पोरकट डाव होता. नुकतं खेळायला शिकलेलं पोर आठवडाभर हाच खेळतं, आणि मग एकदा सडकून मार खाल्ला की नाद सोडतं. वहीत ती ओळ होती खरी, पण अडगळीत पडल्यासारखी, जवळजवळ शून्य वजनाची. समोरचा प्रोग्राम काही दूधखुळा नव्हता. त्याने वजिराला पटभर पळवून पळवून दमवलं आणि एकतिसाव्या चालीला खेळ खल्लास केला.

चार वर्षांची मेहनत पाऊण तासात पाण्यात गेली. कवळीवाल्यांनी वहीची नोंद उघडली. प्रोग्रामला एक सवय त्यांनीच लावलेली होती: डाव जिंकला की ज्या चालींनी जिंकला, त्यांचं वजन आपोआप वाढवायचं. नोंदीत स्पष्ट होतं. गेल्या तीन आठवड्यांत चार चालींची मात चारशे अकरा वेळा यशस्वी.

"चारशे अकरा! कोण गाढव हरलं चारशे अकरा वेळा?"

"मी," मास्तर म्हणाले.

कवळीवाल्यांनी खुर्ची गर्रकन त्यांच्याकडे वळवली.

"तुम्हीच सांगितलंत ना जावईबापू, जिंकलं की ते शिकतं? म्हटलं दुपारी रिकामाच असतो, तेवढीच तुम्हाला मदत. आधी लांबलचक डाव हरायचो. मग एकदा तो हा डाव खेळला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार चालींत हरलं, तर झोपेआधी वीस डाव उरकतात! सोपं नसतं हो रोज वीस वेळा हरणं."

"पण मुद्दाम हरायचं कशाला, बाबा?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"कच्च्या पोराला आधी जिंकू द्यावं. शाळेत चाळीस वर्षं मी हेच केलं. धीर येतो त्याला."

कवळीवाल्यांनी बोटांवर वर्षं मोजली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दर सुट्टीत सासऱ्यांशी डाव व्हायचा आणि दर वेळी हेच जिंकायचे. लॅबमधल्या शिपायालासुद्धा ते ठाऊक होतं, कारण यांनीच सांगितलेलं.

"बाबा... माझ्याशीपण?"

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात बसून मटार सोलत होती. आता ती इतकं मन लावून सोलायला लागली की दाणे कचऱ्यात आणि सालं भांड्यात पडायला लागली.

"तुला माहीत होतं?"

"सासूबाईंनीच बजावलं होतं," ती म्हणाली. "म्हणाल्या, माझा मुलगा हरला की दोन दिवस जेवत नाही."

कवळीवाल्यांना लागलं. फार लागलं. वरचा गट गेला त्याचं काहीच नाही, इतकं लागलं. रागाने ते उठले, कपाटावरचा पट काढून त्यांनी टेबलावर आपटला.

"बसा. आणि मला धीरबीर काही देऊ नका."

"नक्की?"

"नक्की."

बाविसाव्या चालीला कवळीवाल्यांवर मात झाली. मास्तरांचा चहा अजून गरम होता. कवळीवाले एकेक चाल मागे घेत सहाव्या चालीपर्यंत आले. बायकोने स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून पाहिलं. शेवटी त्यांनी खसकन नाक पुसलं.

"सहाव्या चालीला तुम्ही तो घोडा मागे का घेतलात?"

"अकरा वर्षांत पहिल्यांदाच विचारलंत," मास्तर म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या.